मऊशेठच्या माफ्या

मऊशेठ हे काही त्याचं खरं नाव नव्हे, आणि शेठ तर तो कुठल्याच बाजूने नव्हता. गादीचं दुकान होतं, एवढंच. गिऱ्हाईक आलं की गादीवर थाप मारून "एकदम मऊ!" म्हणायची त्याला सवय. म्हणून समोरच्या सलूनवाल्याने हे नाव ठेवलं, आणि ते चिकटलं ते चिकटलंच. माणूस मात्र मऊ अजिबात नव्हता. राग कायम नाकावर. कुणी चपलेसकट गादीवर पाय ठेवला की मग त्या माणसाच्या सात पिढ्या उद्धरल्या जायच्या, आणि पाचच मिनिटांनी त्याच माणसाला हा चहा पाजायचा.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. मागच्या भिंतीशी कापूस पिंजायचं मशीन. ते सुरू झालं की आजूबाजूच्या दुकानांतलं बोलणं बंद, नुसत्या खाणाखुणा. पुढे दाराच्या उजेडात शिलाई मशीन. तिथं त्याची बायको बसून गाद्यांच्या खोळी शिवायची. कापूस सगळीकडे. बल्बवर, घड्याळावर, मऊशेठच्या भुवयांवर, मिशीवर. दुकानाच्या वरच घर होतं, पण जिना चढण्याआधी बायको त्याला खालीच उभा करून टॉवेलने झटकायची आणि मगच वर सोडायची.

आता या माणसाची एक खासियत सांगितली पाहिजे, कारण सगळं रामायण तिच्यावरूनच घडलं. लोक जुनी गादी घेऊन यायचे आणि म्हणायचे, बघा हो, कुठंतरी टोचतंय. मऊशेठ गादी जमिनीवर पसरायचा, गुडघ्यांवर बसायचा, डोळे मिटायचा आणि दोन्ही तळवे हळूहळू फिरवत न्यायचा. एका जागी थांबायचा. "ही बघा." तिथं उसवलं की गाठ निघणारच. बहुतेक वेळा घट्ट झालेला कापूस असायचा. एकदा कोटाचं बटण निघालं, एकदा कुणाच्या तरी आजोबांचा खोटा दात. "टोचतंय म्हणजे काहीतरी आहे," तो म्हणायचा, "आणि आहे म्हणजे सापडणार." त्याचं सगळं तत्त्वज्ञान एवढ्यात बसत होतं आणि आयुष्यभर त्याचं त्याच्यावर छान भागलं होतं.

मग मुलगी आजारी पडली.

एकुलती एक मुलगी. बसमध्ये कंडक्टर होती. बापाचा आवाज आणि आईची सहनशक्ती घेऊन आलेली. दिवसभर हलत्या बसमध्ये उभी राहून अख्ख्या गावाला शिस्त लावायची. दांडगट बाप्ये तिच्यापुढे मुकाट्याने आत सरकायचे. एका सकाळी ती उठली तर डावा पाय बधिर. रगडला, शेकला, दोन दिवस तशीच कामावर गेली. मग उजवाही गेला. नुसते बधिर झाले असते तर एक वेळ परवडलं असतं. आतून आग व्हायची, आणि वरून हात लावला तर कळायचं नाही. दवाखाने झाले, मोठं हॉस्पिटल झालं, मशीनच्या बोगद्यात घालून झालं. शेवटी तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "खरं सांगू? आम्हाला कारण सापडत नाहीये. बरी होईल का, तेही आज सांगता येत नाही. औषधं चालू ठेवू, व्यायाम चालू ठेवू आणि बघत राहू."

बाई भल्या होत्या, खोटं बोलल्या नाहीत. पण मऊशेठच्या डोक्यात एकच वाक्य राहिलं. कारण सापडत नाहीये. म्हणजे काय? टोचतंय ना? मग असणारच!

इकडे गल्लीला कारणं भराभर सापडत होती. कुणी म्हणालं दृष्ट लागली, बाईमाणसाने एवढं मोठ्याने बोलू नये. कुणी म्हणालं घराण्यात काहीतरी असेल. एक लांबची मावशी नाकाला पदर लावून खालच्या आवाजात बोलून गेली, "देव उगाच कुणाला एवढं देत नाही हो. कुठंतरी काहीतरी चुकलेलं असतं." मावशी जिना उतरून गेली, पण ते वाक्य घरातच मुक्कामाला राहिलं.

बायकोला कुणी विचारलं की ती शिवता शिवता म्हणायची, "मला नाही माहीत." बस्स. रडत नव्हती अशातला भाग नाही. रडायची, डोळे पुसायची आणि पुढची खोळ घ्यायची. रोज सकाळी खिडकीशी उभी राहून ती देवाशी काहीतरी पुटपुटायची. काय ते तिलाच ठाऊक. मऊशेठला तिचा हेवाही वाटायचा आणि रागही यायचा. हिला कारण नको कसं?

त्याला हवं होतं. लेकीचं काही चुकलेलं नाही, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. बायकोचं तर नाहीच, ती मुंगीला वळसा घालून जाणारी. मग घरात उरलं कोण? मऊशेठ. म्हणजे गाठ आपल्यातच आहे. आपण केलेलं काहीतरी वरच्याच्या नजरेत राहिलंय आणि त्याची वसुली पोरीच्या पायांतून चाललीय. ते काय आहे ते एकदा सापडलं, जाऊन माफी मागितली, की पोर उठून उभी राहील. इतकं साधं! सापडलं म्हणजे झालं.

झालं, मऊशेठने स्वतःचं आयुष्य जमिनीवर पसरलं आणि डोळे मिटून हात फिरवायला सुरुवात केली.

पहिला नंबर सलूनवाल्याचा. भर दुपारी, एका गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावलेला असताना मऊशेठ त्याच्यापुढे हात जोडून उभा राहिला. "मला माफ कर. तुला ती जाड उशी करून दिली होती ना? आतमध्ये जुना कापूस घातला होता. नवा म्हणून सांगितलं."

सलूनवाला वस्तरा हवेत धरून बघतच राहिला. "कुठली? मी झोपतो ती?"

"तीच."

"अरे, मग काय झालं? किती वर्षं झाली! माफ केलं, जा."

मऊशेठ हलका होऊन परतला. पण दोनच दिवसांत सलूनवाला मान वाकडी करून दुकानात हजर. "तू सांगेपर्यंत मला झोप कशी मस्त लागत होती! आता डोकं टेकलं की वाटतं, कुणाचा कापूस असेल, कोण झोपलं असेल त्याच्यावर. मान धरली माझी. आता नवीन उशी भरून दे आणि पुन्हा मला कधी काही खरं सांगू नकोस." मऊशेठने दिली भरून. स्वच्छ, नव्या कापसाची. पोरीचे पाय होते तसेच.

मग तो शाळेतल्या बाईंकडे गेला. बाई आता थकल्या होत्या, घरात काठी घेऊन फिरायच्या. लहानपणी याने त्यांच्या परीक्षेत शेजारच्याचं बघून लिहिलं होतं. बाईंनी चष्मा लावून त्याला नीट निरखलं, काढला, पुसला, पुन्हा लावला. "तू माझ्या वर्गात होतास?" त्यांनी विचारलं. शेवटच्या बाकावरून तो किती दंगा करायचा, ते मऊशेठने सांगून पाहिलं. बाईंना काही म्हणजे काही आठवेना. "असशील बाबा," त्या म्हणाल्या. "पण बघून लिहून तरी पास झालास का?" झाला नव्हता. मग बाईच हसल्या आणि त्याला नाइलाजाने हसावं लागलं. माफी मिळाली, पण एवढी वर्षं जे पाप उराशी धरलं ते समोरच्याला आठवूही नये, याचा त्याला थोडा अपमानच वाटला.

असं करत करत निम्मी गल्ली झाली. गॅसवाला, चपला शिवणारा, पलीकडच्या बिल्डिंगमधल्या आजी. काहींना कळेचना की हा कशाबद्दल बोलतोय. काहींना त्याने सांगितल्यावरच कळलं की आपण फसलो होतो, आणि ते जे भांडायला उठले ते वेगळंच. मऊशेठ सगळं ऐकून घ्यायचा. नाकावरचा राग कुठं गेला कोण जाणे. बायको बघत होती. करू दे, तिला वाटलं, जिवाला बरं वाटत असेल तर करू दे.

फक्त एक गोष्ट तिला खुपत होती. संध्याकाळी वर आल्यावर हा लेकीच्या खोलीच्या दारातूनच "जेवलीस का? गोळी घेतलीस का?" असं विचारायचा, आणि उत्तर पुरतं व्हायच्या आत वळायचा. तिच्यासाठी गादी मात्र त्याने अशी केली होती की राजाला मिळणार नाही. पाठ सोलवटू नये म्हणून ती दर थोड्या दिवसांनी उसवून, कापूस पुन्हा पिंजून, नव्याने भरून आणायचा. गादी घालताना खाली बघायचा, उशी ठेवताना भिंतीकडे बघायचा. लेकीच्या तोंडाकडे बघणं त्याला जमतच नव्हतं. तिच्याकडे बघितलं की त्याला स्वतःवरचा आरोप वाचल्यासारखं वाटायचं.

शेवटी उरला थोरला भाऊ. त्याच्याकडे जायचं मऊशेठ रोज उद्यावर ढकलत आला होता. वडिलांच्या माघारी पिंजायचं मशीन कुणी ठेवायचं यावरून दोघांचं वाजलं होतं. मऊशेठ भर रस्त्यात थोरल्या भावाला नको ते बोलला होता आणि "मेलास तरी तुझं तोंड बघणार नाही" म्हणून पाठ फिरवून निघून आला होता. गाठ हीच, त्याला आता पक्कं वाटायला लागलं. बाकीची सगळी किरकोळ.

तो गेला. दार उघडताच वाकून भावाचे पाय धरले. "दादा, माझं चुकलं. मी तुला बोललो ते परत घेतो. माझ्या पोरीला त्याची शिक्षा मिळतेय."

आता खरं म्हणजे थोरल्याने इथं धाकट्याला उठवून छातीशी लावायला हवं होतं. लावलंही. माणूस वाईट नव्हता. पण त्याला दुसऱ्याच्या तोंडून आपलं बरोबर होतं हे ऐकायची फार हौस. तो म्हणाला, "मी तेव्हाच म्हटलं होतं. वरून बघणारा एक असतो. आपण विसरतो, तो विसरत नाही. बरं झालं आलास. आता बघ, सगळं मार्गी लागेल."

आणि एवढ्यावर थांबेल तर तो थोरला कसला? दुसऱ्याच दिवशी फळांची पिशवी घेऊन स्वारी धाकट्याच्या घरी. इतक्या वर्षांनी जिना चढला, धापा टाकत पुतणीच्या खोलीत गेला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्या मायेने म्हणाला, "आता काळजी करू नकोस, पोरी. तुझ्या बापाने काल येऊन माझी माफी मागितली. ज्याच्यामुळे तुझ्यावर हे आलं होतं ते मिटलं. आता तू उठशील."

मऊशेठ दारात उभा होता. तो तिच्या पायांकडे बघत होता. खरंच बघत होता हो, आता हलतील म्हणून. चादरीची एक सुरकुतीसुद्धा हलली नाही.

लेकीने आधी काकांकडे पाहिलं, मग बापाकडे. "म्हणजे?" ती म्हणाली. "तुम्ही दोघं भांडलात, आणि देवाने माझे पाय काढून घेतले?"

"तसं नाही गं," थोरला गडबडला.

"तसंच म्हणालात तुम्ही. बाबा, सलूनवाले काका, बाई, आजी, हे सगळं तुम्ही त्यासाठी करत होता? मला वाटलं, तुम्हाला उपरती झालीय." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "म्हणून तुम्ही माझ्याकडे बघत नाही होय? मी तुमची मुलगी नाहीच आता. मी तुमच्या दंडाची पावती आहे."

थोरल्याने फळांची पिशवी टेबलावर ठेवली आणि तो हळूच निघून गेला. लेकीने भिंतीकडे तोंड केलं. मऊशेठ खाली दुकानात आला आणि पिंजायचं मशीन सुरू करून बसला. त्यात कापूस घातलेलाच नव्हता. नुसतंच धडधडत होतं.

बायकोने उठून बटण बंद केलं. एकदम शांत झालं.

"नाही उठली ती," मऊशेठ म्हणाला. "म्हणजे अजून काहीतरी राहिलंय. मला आठवत नाहीये, पण..."

"अहो, पुरे आता." ती त्याच्यासमोर कापसाच्या गठ्ठ्यावर बसली. "तुम्हाला गादीतली गाठ सापडते, कारण गादी तुमच्यासारख्यानेच भरलेली असते. हे तुम्ही भरलंय का? सगळं जग काय तुमच्या हाताने शिवलंय, की बसल्या जागी उसवून बघाल?"

"मग हे कुणामुळे झालं?"

"मला नाही माहीत. किती वेळा सांगू? पण एक सांगा. आपल्या चौकीतला हवालदार, तो सुद्धा बापाने गुन्हा केला म्हणून पोरीला नेऊन आत टाकत नाही. आणि देव टाकेल? तुम्ही त्याला न्यायी म्हणता आणि त्याची पत हवालदारापेक्षा खाली नेऊन ठेवता. कमाल आहे तुमची!"

बायको इतकं सलग कधी बोलायची नाही.

"तुला राग नाही येत त्याचा?" त्याने विचारलं.

"रोज येतो. सकाळी खिडकीशी उभी राहून दुसरं काय करते मी? भांडतेच त्याच्याशी. म्हणते, बघतोयस ना? तुझ्याकडे न्याय आहे ना? मग मला समजत नसलं तरी तुला समजतंय, एवढं धरून चालते मी. पण लवकर कर काहीतरी." तिने डोळ्यांना पदर लावला. "तो ऐकतोय असं वाटतं म्हणून तर भांडते. नाहीतर भिंतीशी कोण भांडतं? तुम्ही गल्लीभर माफ्या मागत फिरलात. वर तुमची पोर एकटी पडलीय, तिच्याकडे कोण जाणार?"

ती मशीनवर जाऊन बसली आणि खोळ पुढे ओढली. तिचं बोलणं संपलं होतं.

मऊशेठ आपल्या तळव्यांकडे बघत बसला. इतके महिने त्याला एका गोष्टीचा आधार होता, हे आता त्याच्या ध्यानात आलं. आपण दोषी आहोत, हाच तो आधार. दोषी असलं की निदान काहीतरी करता येतं, कुणाचे तरी पाय धरता येतात. काहीच चुकलेलं नसताना पोर झिजत पडलीय, हे त्याला सोसणारं नव्हतं. त्यापेक्षा त्याने गुन्हेगार होणं पत्करलं होतं आणि त्या नादात देवालाही आपल्यासारखाच तापट, डूख धरून बसणारा करून टाकलं होतं. त्याला स्वतःची लाज वाटली. मग पोरीची आठवण इतकी जोरात आली की जणू ती कुठं परगावी गेली होती. तो उठला आणि अंग झटकून न घेताच जिना चढला.

लेक तशीच भिंतीकडे तोंड करून पडली होती. तो दारात थांबला नाही. आत गेला, स्टूल ओढलं आणि तिच्या तोंडासमोर येईल असं भिंतीला लावून बसला.

"माझं चुकलं," तो म्हणाला.

"झाली का गल्ली संपून?" ती म्हणाली. "आता माझा नंबर लागला वाटतं."

"हो. आधी तुझाच लागायला हवा होता. तू माझी शिक्षा नाहीस. मी तसं समजलो, ते माझं चुकलं. आणि आता तू उठावंस म्हणून नाही मागत माफी. नुसतीच मागतोय."

ती त्याच्या मिशीवरचा कापूस बघत होती. मग म्हणाली, "बाबा, मी नाहीच उठले तर?"

पूर्वीचा मऊशेठ असता तर "असं अभद्र बोलू नये" म्हणून ओरडला असता. आता म्हणाला, "माहीत नाही गं."

"मग कसला तुमचा देव न्यायी?"

"न्यायी आहे."

"कशावरून?"

मऊशेठने विचार केला. बायकोने सांगितलेलं हवालदाराचं सांगावं असं त्याच्या मनात आलं, पण ते तिचं होतं. त्याला स्वतःचं काहीतरी पाहिजे होतं. "कशावरून ते मला नाही सांगता येणार," तो सावकाश म्हणाला. "हे असं का, तेही नाही. पण तुझा यात काडीचाही दोष नाही, एवढं मला पक्कं माहीत आहे. मी साधा गादीवाला. मला जे कळतं, ते त्याला कळत नसेल असं कसं होईल? त्यालाही माहीत आहे. मग आज ना उद्या, इथं नाहीतर आणखी कुठं, तो तुझ्या बाजूनेच बोलणार. तोपर्यंत मी आहे."

तिने मान वळवून छताकडे पाहिलं. खालून शिलाई मशीनचा आवाज येत होता, मधेच थांबत होता, पुन्हा सुरू होत होता.

इतक्या महिन्यांत त्याने तिला जेवणाचं विचारलं होतं, गोळ्यांचं विचारलं होतं, गादी कशी झालीय तेही विचारलं होतं. एक गोष्ट कधीच विचारली नव्हती, कारण उत्तर ऐकायची छाती नव्हती. त्याने तिच्या कपाळावरचे केस मागे केले, तिच्या डोळ्यांत बघितलं आणि विचारलं, "खूप दुखतं का गं?"

मोठ्या डॉक्टरीणबाईंसमोर न रडलेली, सुया टोचताना न रडलेली, गल्लीच्या बायका कुजबुजत असताना त्यांच्यावरच विनोद करणारी ती मुलगी बापाचा हात दोन्ही हातांनी धरून हमसाहमशी रडायला लागली. "खूप दुखतं, बाबा. खूप. तुम्ही कुणी विचारतच नव्हता."

मऊशेठने तिला गप्प केलं नाही. ती कुठं कुठं दुखतं ते सांगत राहिली, आणि तो ऐकत बसला.